वॉर्डात नवीन लागलात? मेडिकल शब्दांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं नर्सिंगच्या जीएनएम-एएनएम कोर्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी आहे, जनरल ड्युटी असिस्टंट म्हणून नुकतेच लागलेल्यांसाठी आहे, मेडिकलच्या काउंटरवर उभं राहणाऱ्यांसाठी, लॅबच्या रिसेप्शनवर बसणाऱ्यांसाठी, आरोग्यमित्रांसाठी आणि आशाताईंसाठी पण आहे. मी वॉर्डात काम करत करत नवीन मुलींना शिकवते, त्यामुळे खालचे प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत, भाषा फक्त थोडी नीट केलीय.

माझं शिक्षण मराठी मीडियममधून झालंय, इंग्रजीत कायम काठावर पास. मला हे जमेल का?

जमेल, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. हे शब्द मुळात इंग्रजी नाहीतच, बहुतेक सगळे ग्रीक नाहीतर लॅटिन आहेत, त्यामुळे इंग्रजी मीडियमच्या मुलीने पहिल्यांदा "कोलेसिस्टेक्टमी" ऐकलं की तिलाही तुमच्याइतकंच कळतं, म्हणजे काहीच नाही. जोडून शब्द बनवायची पद्धत आपल्याला नवीन नाही, अति आणि सार मिळून अतिसार होतो, मधु आणि मेह मिळून मधुमेह. डायबेटिस मेलिटसमधला मेलिटस म्हणजे सुद्धा मधासारखं गोडच. इंग्रजीची गरज पडते ती स्पेलिंगला, आणि स्पेलिंग मात्र मन लावून करावं लागतं, ते का ते खाली येईलच.

मग हजारो शब्द पाठ करायचे का?

नाही. तुकडे पाठ करायचे, शब्द आपोआप उलगडतात. आणि वाचायला सुरुवात शेवटून करायची, कारण काय केलं किंवा काय झालंय ते बहुतेक वेळा शब्दाच्या शेपटात असतं.

वरचाच शब्द घ्या. शेवटी "एक्टमी" आहे, म्हणजे काहीतरी कापून काढून टाकलंय. पुढे "कोले" म्हणजे पित्त, "सिस्ट" म्हणजे पिशवी. झालं, पित्ताशय काढायचं ऑपरेशन, ज्याला वॉर्डात सगळे "लॅप कोली" म्हणतात कारण ते आता बहुतेक दुर्बिणीतून होतं. हा एक शब्द फोडता आला की अपेंडिसेक्टमी, टॉन्सिलेक्टमी, हिस्टेरेक्टमी, नेफ्रेक्टमी हे चारही फुकटात मिळाले, फक्त पुढचा अवयव ओळखायचा.

पण एक्टमीच्या दोन बहिणी आहेत आणि तिथेच नवीन मुली अडकतात. "ऑटमी" म्हणजे नुसतं कापून उघडणं, जसं लॅपरोटमीत पोट उघडून आत बघतात. "ऑस्टमी" म्हणजे नवीन तोंड तयार करणं, जसं कोलोस्टमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणतात आणि तिथे पिशवी लावतात, किंवा ट्रेकिओस्टमीत गळ्याला श्वासासाठी भोक ठेवतात. कोलेक्टमी आणि कोलोस्टमी यात ऐकायला जरासाच फरक आहे पण एकात आतड्याचा भाग काढलाय आणि दुसऱ्यात पोटावर पिशवी आहे, जिची रोज काळजी तुम्हालाच घ्यायचीय.

बाकी शेपटं पण थोडीच आहेत. "आयटिस" म्हणजे दाह. आपण बोलताना त्याला सूज म्हणतो पण पायावर बोट दाबलं की खळगा पडतो ती सूज वेगळी, ती इडीमा, तिथे आयटिस लिहायचं नाही. "इमिया" म्हणजे रक्तातलं काहीतरी, "युरिया" म्हणजे लघवीतलं, म्हणून हिमॅट्युरिया म्हणजे लघवीतून रक्त, पॉलीयुरिया म्हणजे लघवी फार होणं, ऑलिग्युरिया म्हणजे कमी होणं, आणि अन्युरिया म्हणजे जवळपास बंदच, तो शब्द ऐकला की युरोबॅग (लघवी साठायची बाहेर लावलेली पिशवी) लगेच बघायची. "अल्जिया" दुखणं, "प्निया" श्वास, "स्कोपी" आत नळी घालून बघणं, "प्लेजिया" लुळं पडणं.

आधी कुठले अवयव करू?

तुमच्या वॉर्डातले. मेडिसिनला असाल तर कार्डि म्हणजे हृदय, न्युमो आणि पल्मो म्हणजे फुप्फुस, हेपॅट म्हणजे लिव्हर, नेफ्र आणि रीन दोन्ही किडनी (एक ग्रीक एक लॅटिन, म्हणून एकाच किडनीला दोन शब्द), गॅस्ट्र म्हणजे जठर, एन्टर म्हणजे आतडं, सेफॅल म्हणजे डोकं, हिमो म्हणजे रक्त. ऑर्थोला असाल तर ऑस्टिओ हाड, आर्थ्र सांधा, मायो स्नायू. एवढ्यावर बरंच काम चालतं, बाकीचे केस पेपर वाचता वाचता येतात. सगळी यादी एकदम घेऊन बसलात तर दोन दिवसांत कंटाळाल.

नियम लावला आणि अर्थ चुकला, असं होतं का?

होतं, आणि "ऑमा" या शेपटात तर नक्कीच. पुस्तकात ऑमा म्हणजे गाठ, ट्यूमर. लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ, बहुतेकदा निरुपद्रवी. लिम्फोमा मात्र कॅन्सर. आणि हिमॅटोमा म्हणजे मार लागून एका जागी साठलेलं रक्त, ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, यात ट्यूमरचा संबंधच नाही. त्यामुळे तुकडे जोडून अंदाज बांधा, पण पेशंटच्या नातेवाईकासमोर तो अंदाज बोलू नका, आधी सिस्टरला किंवा डॉक्टरांना विचारा.

कुठले शब्द एकसारखे वाटतात?

एक नंबरला हायपो आणि हायपर. हायपो कमी, हायपर जास्त, हे सगळ्यांना पाठ असतं, पण फोनवर, रात्री दोन वाजता, शेजारी मॉनिटर वाजत असताना दोन्ही एकसारखेच ऐकू येतात. हायपोग्लायसेमियाला ग्लुकोज द्यायचं असतं आणि हायपरला कदाचित इन्सुलिन, म्हणजे चुकलं तर बरोब्बर उलटं औषध जाणार आणि शुगर आधीच कमी असलेल्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून माझ्या मुलींना मी हा शब्द एकटा वापरूच देत नाही. "सर, बेड सातची शुगर कमी आहे, बावन्न आलीय, घाम सुटलाय", असं सांगायचं, कमी हा शब्द आणि आकडा दोन्ही.

मग डिस्फेजिया आणि डिस्फेशिया. पहिल्यात गिळायला त्रास, दुसऱ्यात बोलायला त्रास, दोन्ही लकव्याच्या पेशंटमध्ये दिसतात. स्पेलिंगमध्ये "जी" आणि "एस" एवढाच फरक, पण गिळता न येणाऱ्याला कोणी चमच्याने पेज भरवली तर ती श्वासनळीत जाते. इलियम तर दोन आहेत, आतड्याचा भाग आय-एल-ई-यू-एम आणि कमरेचं हाड आय-एल-आय-यू-एम, आपल्या लिपीत लिहिलं की दोन्ही अगदी एकच. म्हणूनच म्हणते, वहीत अर्थ मराठीत लिहा, उच्चार मराठीत लिहा, पण मूळ स्पेलिंगचा रकाना ठेवाच.

ॲबडक्शन (हात-पाय शरीरापासून लांब नेणं) आणि ॲडक्शन (जवळ आणणं) यासाठी बरेच डॉक्टर "ए-बी-डक्शन", "ए-डी-डक्शन" असं अक्षरं फोडूनच बोलतात, तुम्ही पण तसंच बोला. युरेटर आणि युरेथ्रा, पहिली किडनीतून लघवीच्या पिशवीत येणारी नळी, दुसरी पिशवीतून बाहेर जाणारी. आणि उजवं-डावं कायम पेशंटचं, तुमचं नाही, तुम्ही समोर उभ्या असलात तरी.

केस पेपरवरचे शॉर्टफॉर्म कसे लक्षात ठेवायचे?

रोजचे मोजकेच आहेत. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच. एसओएस म्हणजे गरज लागली तरच, हे पेशंटला फोड करून सांगावं लागतं की दुखलं तर घ्या, नाही दुखलं तर घेऊ नका, नाहीतर लोक ती गोळी तीन वेळा खातात. सी-ओ म्हणजे पेशंटची तक्रार, के-सी-ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, एनएडी म्हणजे तपासणीत काही बिघाड सापडला नाही.

अडचण अशी की एकाच शॉर्टफॉर्मचे दोन अर्थ असतात. डोळ्यांच्या ओपीडीत ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा आणि ओयू दोन्ही. विष घेतलेल्या पेशंटच्या पेपरवर ओडी म्हणजे ओव्हरडोस असू शकतं. त्यामुळे शॉर्टफॉर्म कुठल्या वॉर्डातला, हे बघूनच वाचायचा, आणि स्वतः लिहिताना शक्यतो पूर्ण लिहायचं.

एनबीएमबद्दल वेगळं सांगते. तोंडाने काही द्यायचं नाही, एवढं नातेवाईकांना सांगून भागत नाही कारण त्यांच्या मते चहा म्हणजे खाणं नव्हे, आणि पाणी तर नव्हेच. एकेक नाव घेऊन सांगा, पाणी नाही, चहा नाही, बिस्किट नाही, तंबाखू-मिश्री नाही, आणि घरची बीपीची गोळी सुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कारण पण सांगा, की भूल दिल्यावर उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. कारण कळलं की लोक ऐकतात.

एमजी, एमसीजी, युनिट यात कायम गोंधळ होतो.

हा गोंधळ वेळीच मोडा. एक एमजी (मिलिग्रॅम) म्हणजे हजार एमसीजी (मायक्रोग्रॅम), त्यामुळे "सी" वाचायचा राहिला तर डोस हजार पट. लिहिताना ५ च्या पुढे पॉइंट आणि शून्य कधीच लावायचं नाही, पॉइंट दिसला नाही तर ते ५० होतं. उलट अर्धा असेल तर ०.५ असं आधी शून्य हवंच. आणि युनिटसाठी नुसता इंग्रजी "यू" लिहायचा नाही, तो घाईत शून्यासारखा दिसतो. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्येच या गोष्टी "वापरू नका"च्या यादीत टाकल्या.

इन्सुलिन हातात घेऊन बघा म्हणजे पटेल. आपल्याकडे ४० युनिटची बाटली मिळते आणि १०० युनिटची पण, हा आकडा एका एमएलमधला असतो. सिरिंज पण दोन, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची. आता समजा १०० ची बाटली आहे आणि लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ते अर्धा एमएल झालं, आणि अर्ध्या एमएलमध्ये २० नाही, ५० युनिट गेली. अडीच पट. घरी इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटला डिस्चार्जच्या वेळी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा बोट ठेवून दाखवा, हे दोन मिनिटांचं काम कधी चुकवू नका.

पेशंट मराठीत जे सांगतात ते इंग्रजीत कसं लिहायचं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. पुस्तकातला शब्द पुस्तकात सापडतो, पण बार्शीहून आलेल्या आजींचं "आंगात कणकण हाय" कुठल्याच पुस्तकात नसतं.

काही शब्द सरळ आहेत. धाप म्हणजे डिस्प्निया, कावीळ म्हणजे जॉन्डिस, धनुर्वात टिटॅनस, डांग्या खोकला परट्युसिस, गालगुंड मम्प्स, फेफरं किंवा फिट म्हणजे सीझर. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, कांजिण्यांचाच विषाणू पुढे कधीतरी परत डोकं वर काढतो. हे लोक बऱ्याचदा अंगाला गेरू लावून येतात आणि दोन तोंडं जुळली की माणूस मरतो या भीतीत असतात, त्यांना आधी ते खरं नाही हे शांतपणे सांगा आणि डोळ्याजवळ उठली असेल तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

पण काही शब्दांना दोन-दोन अर्थ आहेत आणि तिथे परत विचारावंच लागतं. "पित्त झालंय" म्हणजे आंबट ढेकर आणि जळजळ, पण "पित्त उठलंय" म्हणजे अंगावर गांधी, म्हणजे अर्टिकेरिया, ज्यात ओठ-जीभ सुजतेय का ते बघायचं असतं. "चक्कर येते" यात घर फिरल्यासारखं वाटतं की डोळ्यापुढे अंधारी येऊन पडायला होतं, हे वेगळं. "अटॅक आला होता" म्हटलं तर हृदयाचा, लकव्याचा की फिटचा, हे विचारा, गावाकडे तिन्हीला अटॅकच म्हणतात. "वारं गेलं" म्हणजे बहुतेकदा लकवा. "बीपी आहे" म्हणजे बीपी जास्त आहे. "अंगावरून जातंय" यात लाल की पांढरं ते विचारायचं, बाई लाजत असेल तर पडदा ओढून, नवऱ्याला बाहेर पाठवून विचारायचं.

आणि स्वतःच्या मनाने भाषांतर करू नका. एखादे काका म्हणाले छातीत जळजळतंय, तर "छातीत जळजळ, सकाळपासून" असंच लिहा. तिथे तुम्ही "ॲसिडिटी" लिहिलंत तर ते तुमचं निदान झालं, आणि पुढचा माणूस ते वाचून निवांत होणार, जेव्हा की हार्ट अटॅक कित्येकदा जळजळ म्हणूनच सुरू होतो. तक्रार पेशंटच्या शब्दात, निदान डॉक्टरांच्या शब्दात.

लेबर वॉर्डात पोस्टिंग लागलंय, जी-पी-एल-ए काय आहे?

जी म्हणजे आत्ताचे धरून किती वेळा दिवस गेले, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली, एल म्हणजे जिवंत मुलं, ए म्हणजे दिवस जाऊन किती वेळा गर्भ टिकला नाही. जी-३ पी-१ एल-१ ए-१ म्हणजे ही तिसरी खेप, एक बाळंतपण, एक मूल, एकदा पडलं. पी मध्ये बाळंतपणं मोजतात, बाळं नाही, त्यामुळे पहिल्याच खेपेला जुळं असेल तर पी-१ एल-२.

इथे एक काळजी घ्या. ए म्हणजे ॲबॉर्शन, आणि डॉक्टरी भाषेत आपोआप पडलेलं आणि पाडलेलं दोन्ही ॲबॉर्शनच. पण त्या बाईच्या कानाला ॲबॉर्शन म्हणजे पाडलेलं, आणि सासूसमोर तुम्ही तो शब्द मोठ्याने उच्चारलात तर तिच्या घरी काय होईल सांगता येत नाही. "मागच्या वेळी राहिलं नव्हतं का?" असं हळू विचारा.

एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की ईडीडी, अपेक्षित तारीख, म्हणजे साधारण २८० दिवस. तारीख आठवत नसेल तर सण विचारा, "नागपंचमीच्या दोन दिवस आधी" असं बरोब्बर उत्तर येतं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयातून इंग्रजी तारीख काढा, कारण सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो.

ॲक्यूट म्हणजे सीरियस ना?

नाही. ॲक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं, क्रॉनिक म्हणजे जुनं, रेंगाळलेलं. ॲक्यूट सर्दी पण असते. गंभीर साठी सिव्हिअर हा शब्द आहे. तसंच रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे शोधलेली गोष्ट सापडली नाही, "वाईट" नाही, लोक निगेटिव्ह ऐकून रडायला लागतात.

पेशंटशी बोलताना मूत्रपिंड, यकृत असे शब्द वापरायचे का?

किडनी म्हणा, लिव्हर म्हणा, सगळ्यांना कळतं. मात्र मूतखडा, मूळव्याध, मोतीबिंदू, गोवर हे शब्द घरोघरी आहेत, तिथे उगाच इंग्रजी नको. आणि काळीज या शब्दावर विसंबू नका, मटणाच्या दुकानात ते लिव्हर असतं आणि बोलण्यात हृदय, "काळजात दुखतंय" म्हटलं की हात ठेवून जागा दाखवायला सांगा.

डॉक्टरांचं अक्षर लागत नाही.

मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच नियमात घातलंय की औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं. म्हणजे विचारणं हा तुमचा आगाऊपणा नाही. अंदाजाने औषध देऊ नका, मेडिकलवाल्याने पण नाही.

विचारलं की सिनियर चिडतात, काय करू?

काही जण चिडतात, खरं आहे. "हे काय लिहिलंय?" असं विचारण्यापेक्षा आपण काय समजलो ते सांगून विचारा, "सिस्टर, बेड चारला सेफ्ट्रायॅक्झोन एक ग्रॅम, आयव्ही, बीडी, बरोबर ना?" उत्तर एका शब्दात मिळतं आणि कुणाचा वेळ जात नाही. फोनवरची ऑर्डर तर अशीच परत म्हणून दाखवायची आणि लगेच लिहून ठेवायची.

सराव कशावर करू?

डिस्चार्ज कार्डवर, वॉर्डातल्याच, आणि पेशंटचं नाव-गाव वहीत न उतरवता, मोबाईलवर फोटो तर अजिबात न काढता. एका कार्डात निदान, ऑपरेशन, तपासण्या, औषधं सगळं येतं.

उदाहरणार्थ कार्डवर "टीएएच विथ बीएसओ" लिहिलेलं असतं. टोटल ॲबडॉमिनल हिस्टेरेक्टमी, म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भपिशवी तोंडासकट काढली. इथे टोटल म्हणजे सगळंच काढलं असा अर्थ नाही, अंडाशयांचा त्यात समावेश नसतो. ते पुढच्या तीन अक्षरांत आहे, बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टमी, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं पण काढली. बाईला फक्त "पिशवी काढली" एवढंच माहीत असतं. पण पस्तिशीत अंडाशयं गेली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो, अंगातून वाफा, झोप नाही, पुढे हाडं ठिसूळ. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हापासून मी हे कार्ड प्रत्येक बॅचला फोडून शिकवतेच. ती बाई पुढे कमरेच्या दुखण्यासाठी दुसऱ्या दवाखान्यात गेली की तिच्या हातात तेच कार्ड असणार आहे, आणि ते वाचून "अंडाशयं पण काढलीत, हे डॉक्टरांना सांगा" एवढं तिला सांगणारी तिच्या गावची आशाताईच असेल.

वॉर्डातलं काम जमत नाही, मेडिकल कोडिंगला याचा उपयोग होतो का?

थेट होतो. पुणे, नवी मुंबईत अमेरिकन इन्शुरन्सचं कोडिंग करणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे डॉक्टरांची नोट वाचून आयसीडी-१० या आजारांच्या यादीतला कोड लावायचा असतो, जसं साधा उच्च रक्तदाब आय-१०, टाइप टू डायबेटिस ई-११. कोड पुस्तकात बघायला मिळतो, पण नोटमध्ये उजवा की डावा, ॲक्यूट की क्रॉनिक, ऑटमी की एक्टमी, हे तुम्हालाच वाचता यायला हवं, इंटरव्ह्यूत तेच विचारतात. क्लासची फी भरायच्या आधी वरचे तुकडे आणि शरीररचना पक्की करून घ्या.